भवानीबाईंचं दार

गणपतराव साळवे हे देवासच्या ख्रिस्ती तरुण संघाचे अध्यक्ष होते. वय बेचाळीस, टोपी काढली की डोकं सकाळच्या उन्हात चमकायचं, आणि थोरली मुलगी सासरी नांदत होती. पण संघातले खरे तरुण सभेला कधीच वेळेवर येत नसत, आणि निदान अध्यक्ष तरी वेळेवर हजर असावा एवढीच पाळक विश्वासरावांची माफक अपेक्षा होती. त्यामुळे दर वर्षी निवडणूक व्हायची आणि दर वर्षी गणपतरावच तरुण ठरायचे.

पोटापाण्यासाठी ते हायस्कुलात चित्रकला शिकवत. आपल्याला 'कलाशिक्षक' म्हणावं, असं त्यांना मनापासून वाटे. गाव त्यांना 'डराइंग मास्टर' म्हणे. ह्या दोन शब्दांमधल्या अंतरात गणपतरावांचा सगळा स्वाभिमान राहत असे, आणि जागा अरुंद असल्यामुळे त्याला सारखं काही ना काही लागत असे.

त्या वर्षी वैशाखात एका दुपारी टेकडीच्या मागून पिवळी आंधी उठली. बायका वाळत घातलेले पापड उचलेपर्यंत ती गावावर आली. पापड गेले, पत्रे गेले, शाळेच्या छपराचा एक कोपरा गेला, आणि गावाच्या जुन्या भागातल्या एका गल्लीत तर तीन घरं बसली. चर्चला काही झालं नाही. पाळकसाहेबांनी रविवारी त्याबद्दल देवाचे आभार मानले आणि मग तरुण संघाला थांबवून म्हणाले, "आपलं छप्पर शाबूत आहे, म्हणजे आपल्यावर जबाबदारी आली. जुने कपडे गोळा करू या."

सभेत अध्यक्षांनी दोन शब्द बोलायची रीत होती. गणपतराव उठले. आता नुसत्या जुन्या कपड्यांवर माणूस बोलून बोलून काय बोलणार? त्यांना वाक्य सुचलं आणि ते चांगलं सुचलं, हाच घात झाला. "अंगावर कपडा चढवून काय होणार," ते हात वर करून म्हणाले, "जर डोक्यावर छप्परच नसेल? बंधुभगिनींनो, आपण घरं उभी केली पाहिजेत!"

घरं म्हणजे त्यांना माणसांची मनं वगैरे म्हणायचं होतं. पुढच्या वाक्यात ते तिकडे वळणारच होते. पण दवाखान्यात नर्सिंग शिकणारी इंदू मागच्या बाकावरून उठून म्हणाली, "बरोबर बोललात मास्टरसाब. कल से?"

"मी आहे," सायकलच्या दुकानातला शालिग्राम म्हणाला. हा शालिग्राम इतका दांडगा होता, की सायकल दुरुस्त करताना आधी वाकवायचा आणि मग सरळ करायचा. त्याच्यामागून आणखी पाचसहा जण उठले. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. अशा वेळी 'मला मनं म्हणायचं होतं' हे सांगायला जी हिंमत लागते, ती गणपतरावांजवळ नव्हती.

त्या गल्लीतली दोन घरं संघाने पुढे नीट उभी केली. ती नीट झाली, म्हणून त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते पहिल्या घराचं.

हे घर भवानीबाईंचं. भवानीबाई म्हणजे थोरल्या पातीच्या रिसाल्यातल्या स्वाराची विधवा. देवासात काल-परवापर्यंत दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, राजे दोन, दरबार दोन, बँडसुद्धा दोन. कुठे रस्त्याची उजवी बाजू ह्यांची तर डावी त्यांची. भवानीबाईंचं घर बरोबर हद्दीवर होतं. पुढची गल्ली थोरल्या पातीत, मागची धाकट्या पातीत. आता दोन्ही राज्यं नव्या मध्य भारत राज्यात विलीन झाली होती. पण एवढ्या वर्षांची हद्द लोकांच्या डोक्यातून इतक्या लवकर थोडीच पुसली जाते?

आंधीत पुढच्या गल्लीतली जुनी चिंच उपटून ह्या घरावर पडली होती. तिचा बुंधा पुढची गल्ली अडवून आडवा झाला होता आणि फांद्यांनी घराची कवेलू, म्हणजे कौलं, वासे, भिंती सगळं खाली घेतलं होतं. बाई दैवाने अंगणात होत्या. एक वासा पायावर पडला, घोटा सुजला, एवढ्यावर निभावलं. संघ पोचला तेव्हा त्या मागच्या गल्लीत बाजेवर बसल्या होत्या. बाजेखाली ट्रंक, मांडीवर देवांचे टाक, आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू घर त्यांनी स्वतःच पाडून घेतलं आहे.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

गणपतरावांनी सांगितलं.

"म्हणजे गिरजाघरातले. मजुरी नाही घेणार म्हणता. मग घेणार काय? धरम?"

गणपतरावांचा स्वाभिमान लगेच दुखावला. ते उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात पाळकसाहेब बाजेशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "काकी, काम झाल्यावर तुमच्या हातची दाळबाटी घेऊ."

भवानीबाईंनी त्यांना नीट निरखलं. "तूप कमी पडेल," त्या म्हणाल्या. "पण करा."

घर होईपर्यंत बाईंनी राहायचं कुठे, हा प्रश्न आला. कन्नौदला त्यांचा पुतण्या मानाजी होता, पण त्याचं नाव काढताच बाईंनी ट्रंकेवर हात ठेवला. शेवटी गणपतरावांच्या पत्नी सुमंगलाबाई म्हणाल्या, "आमचा ओटा रिकामाच आहे की. चार दिवस राहतील." सुमंगलाबाईंचं मन मोठं होतं. ओटा मात्र गणपतरावांचा चित्रं काढायचा होता.

आता बांधकाम म्हटलं की नकाशा आला. आणि नकाशा म्हटल्यावर गणपतरावांना एकदम हुरूप आला. इतक्या वर्षांत गावाला त्यांच्या कलेची पहिल्यांदा गरज पडली होती. ते मोठा कागद घेऊन गेले. पुढची गल्ली चिंचेने बुजलेली, आणि तिकडे ऊन. मागच्या गल्लीत कडुनिंबाची सावली होती आणि बसायला एक चांगला दगड होता. ते दगडावर बसले आणि पडलेल्या घराकडे बघून उभं घर त्यांनी कागदावर काढलं. काय चित्र झालं! कवेलूंवर ऊन, भिंतीवर सावली, वर दोन पोपट. फक्त मागची भिंत कोरी होती. दार नसलेली भिंत चित्रात आंधळी दिसते, हे कुठल्याही कलाशिक्षकाला कळतं. गणपतरावांनी तिथे एक दार काढलं. रचना एकदम सावरली.

"यह देखो," इंदूच्या हातात कागद देत ते म्हणाले, "असं झालं पाहिजे. हुबेहूब."

इंदू मराठी नुसती घरी बोलायची, वाचायला ती शाळेत हिंदीच शिकलेली. खालच्या 'मागच्या गल्लीतून दिसणारं घर' वगैरे बारीक मराठी टिपा तिला लागल्या नाहीत. चित्र मात्र स्वच्छ कळलं.

काम सुरू झालं आणि गल्लीला सल्ल्याचा पूर आला. धाकट्या पातीच्या बँडमध्ये पूर्वी ढोल वाजवणारे गणोजी रोज सकाळी खुर्ची घेऊन येत. माती कालवण्याबद्दल त्यांची ठाम मतं होती, आणि ती रोज बदलत. एकदा भुसा जास्त हवा, एकदा शेण जास्त हवं. त्यांचं ऐकून उभारलेली पहिली भिंत शालिग्रामने टेकून पाहिली आणि ती त्याच्यासकट पलीकडे गेली. "पाया कच्चा," गणोजी म्हणाले. पाया त्यांनीच सांगितला होता.

समोरच्या घरातल्या राजाबाई मात्र काही बोलत नसत. मागच्या गल्लीत, बरोबर समोर, त्यांचं दार होतं. त्याही विधवा, त्याही एकट्या. भवानीबाईंशी त्यांचा अबोला होता. कधी काळी एका दसऱ्याला दोन्ही पात्यांच्या स्वाऱ्या ह्याच गल्लीच्या तोंडाशी समोरासमोर आल्या. आधी कुणी जायचं यावरून ह्यांचे मालक आणि त्यांचे मालक घोड्यांवर बसून अडून राहिले. दोघेही हटले नाहीत. त्या दिवसापासून बायकांचं बोलणं बंद. पुढे घोडे गेले, मालक गेले, राज्यंही विलीन झाली. अबोला तेवढा विलीन व्हायचा राहिला होता.

अशा राजाबाई एके सकाळी उंबऱ्यात आल्या. समोर शालिग्राम दाराची चौकट उभी करत होता. त्या बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "काय रे भिया, दार इकडे? इकडे कुणी करायला सांगितलं?"

शालिग्रामच्या तोंडात खिळे होते. "ज्यांचं घर आहे त्यांनीच सांगितलं असणार ना, काकी," तो खिळ्यांमधून म्हणाला.

राजाबाई आत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या त्या ताकाची कळशी घेऊन. त्या दिवसापासून रोज काम करणाऱ्यांना ताक येऊ लागलं. असं का, हे कुणी विचारलं नाही. उन्हातान्हात ताक येतंय म्हटल्यावर कोण विचारतो?

गणपतराव तेव्हा तिथे नव्हते. ते कचेरीत होते. घरावरच्या फांद्या संघाने तोडून बाजूला केल्या होत्या, पण पुढच्या गल्लीतला चिंचेचा बुंधा हलवायचा तर झाड सरकारी, त्याची परवानगी हवी. परवानगीच्या खोलीत दोन कारकून बसत. एक पूर्वीच्या थोरल्या पातीचे, दुसरे धाकट्या पातीचे. राज्यं एक झाल्यावर दोघांना एका खोलीत बसवलं होतं. त्यांनी मधे कपाट ओढून घेऊन आपापली हद्द राखली होती.

"झाडाचं मूळ थोरल्या पातीत," पहिले कारकून म्हणाले. "म्हणजे झाड आमचं. पण शेंडा गेलाय धाकटीत. आता आमचं झाड त्यांच्या हद्दीत शिरलं, त्याचं उत्तर आम्ही कसं द्यावं? त्यांना विचारा."

गणपतराव कपाटाला वळसा घालून गेले.

"शेंडा आमच्याकडे आलाय हे खरं," दुसरे म्हणाले. "पण कुणाच्या परवानगीने आला? आधी त्यांना विचारा."

"साहेब, आंधीने आला!"

"आंधी कुठल्या दिशेने आली होती?"

गणपतराव पुन्हा वळसा घालून आले. असे वळसे ते रोज घालू लागले. मग दोघांनी मिळून, अर्थात एकमेकांशी न बोलता, झाडाचा नकाशा मागितला. गणपतरावांनी घरी बसून पडलेल्या चिंचेचं असं करुण चित्र काढलं, की थोरल्या पातीच्या कारकुनांनी लेखणी खाली ठेवली. "माझी मुंज झाली तेव्हा ह्या चिंचेखाली पंगत होती," ते म्हणाले. कपाटापलीकडून आवाज आला, "आम्हीही होतो त्या पंगतीला." गणपतरावांना वाटलं, झालं आपलं काम. पण परवानगी काही मिळाली नाही. "साहेब रजेवर आहेत," एवढंच कळलं.

संध्याकाळी दमूनभागून ते बांधकामावर जात. थेट मागच्या गल्लीत, कडुनिंबाखालच्या त्या दगडावर बसत आणि कागद वर धरून समोर बघत. दार तिथे होतं. भिंत तशीच होती. चित्र जसंच्या तसं उभं राहत होतं. चित्रकाराला आणखी काय हवं असतं? घराच्या पलीकडे जाऊन बघावं, असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

घरी ओट्यावर भवानीबाई होत्या. त्यांनी आपली वेगळी चूल मांडली होती, आपलं वेगळं पाणी भरून घेतलं होतं, आणि ह्या सोवळ्यातून त्या अख्ख्या घरावर हुकूम सोडत होत्या. सुमंगलाबाईंचं लोणचं त्यांनी लांबूनच बघून नापास केलं. गणपतरावांची टोपी दोरीवरून उतरवून धुवायला लावली. जेवणाआधीची प्रार्थना चालली की त्या आपल्या चुलीपाशी हात जोडून गप्प बसत, आणि लांबली की म्हणत, "मास्तर, देवाला बाकीची घरंही आहेत."

एका दुपारी गणपतराव आतल्या खोलीत पडले होते. बाहेर दोघी बायका शेंगा सोलत बसल्या होत्या. सुमंगलाबाईंनी विचारलं, "काकी, कन्नौदला का नाही जात? पुतण्या वाईट आहे का?"

"वाईट असता तर बरं झालं असतं गं," भवानीबाई म्हणाल्या. "चार दिवस गेले असते, भांडून परत आले असते. तो फार चांगला आहे. पाय धुतो, ताट वाढतो, उठूसुद्धा देत नाही. तिथे गेले की मी नुसती बसून राहणार. मग आठवणार पण नाही की माझं घर होतं."

त्यांनी आणखी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या.

"पावसाळ्याआधी येतो म्हणालाय न्यायला," त्या पुढे म्हणाल्या. "घर झालं तर मी 'आहे माझं घर' म्हणेन. नाही झालं तर काय म्हणू?"

गणपतराव उठून बसले. आतापर्यंत ते घर त्यांचं वाक्य होतं, मग त्यांचं चित्र झालं. त्या दुपारी पहिल्यांदा ते भवानीबाईंचं घर झालं. ते टोपी घालून भर उन्हात पुन्हा कचेरीत गेले.

इकडे कवेलू चढवण्याचं काम निघालं होतं. खालून वर माणसांची रांग करून कवेलू हातोहात द्यायची. इंदूने ठेका यावा म्हणून भजन धरलं. भजन होतं जलद आणि आनंदाचं. उत्साहाच्या भरात हात जलद चालले आणि टोपलीभर कवेलू फुटली. इंदूने दुसरं धरलं. त्यातही टाळ्या होत्या, आणखी टोपलीभर फुटली. शेवटी तिने एक संथ, लांबलचक गीत काढलं. ते चर्चमध्ये फक्त अंत्यविधीला म्हणत. एकही कवेलू फुटलं नाही! तेव्हापासून अख्खं छप्पर मयताच्या गाण्यावर चढलं. गीत संपलं की पुन्हा पहिल्यापासून. गाता गाता एकदोन मुलींना खरंच रडू येई.

आता गल्लीच्या टोकावरून जाणाऱ्या माणसाने ह्याचा काय अर्थ लावावा? एक जण थांबला, डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि गणोजींना विचारलं, "कोण गेलं?"

गणोजींना उजव्या कानाने कमी ऐकू येई. ते समजले, कुणाचं घर विचारतोय. "भवानीबाई," ते म्हणाले.

तो माणूस कन्नौदच्या मंडीत धान्य घेऊन जाणारा निघाला.

ह्यातलं काहीच माहीत नसलेले गणपतराव त्या सुमाराला कचेरीतल्या नव्या साहेबांसमोर उभे होते. साहेब ग्वाल्हेरकडचे. थोरली पाती, धाकटी पाती हे शब्द त्यांनी कधी ऐकले नव्हते. त्यांनी गणपतरावांचं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"पेड़ गिरा है?"

"जी."

"तो उठाइए न!" साहेब म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

इतके दिवस घातलेले वळसे गणपतरावांना आठवले आणि त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढ्या सोप्या परवानगीसाठी एवढा छळ व्हायला नको होता. पण काम झालं होतं. दुसऱ्या सकाळी शालिग्राम आणि मंडळींनी करवती लावून, बैल जुंपून बुंधा ओढून काढला. पुढची गल्ली मोकळी झाली. गणपतराव टांगा घेऊन ओट्याशी गेले आणि म्हणाले, "काकी, चला. तुमचं घर तयार आहे."

भवानीबाईंनी नवं लुगडं नेसलं. टाक मांडीवर घेतले. सुमंगलाबाई शेजारी बसल्या. टांगा रुबाबात पुढच्या गल्लीत शिरला. घरासमोर पाळकसाहेब आणि सगळा संघ हात बांधून उभा होता. भिंत चुन्याने पांढरीशुभ्र केली होती, खाली गेरूचा पट्टा, पट्ट्यावर इंदूने काढलेली वेल. बाई उतरल्या. काठी टेकत पुढे झाल्या. भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी पाहिलं. मग पुन्हा उलट पाहिलं.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "मास्तर, दार कुठाय?"

गणपतरावांनी भिंतीकडे पाहिलं. आंधळ्या भिंतीनेही त्यांच्याकडे पाहिलं असावं. दगड, कडुनिंब, कागद, रचना, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"पीछे से है, काकी," शालिग्राम खुशीत म्हणाला. "बिलकुल फोटो जैसा!"

"मागून?" भवानीबाईंचा आवाज चढला. "माझ्या सासऱ्यापासूनचं दार पुढे. मी काय आता चोरासारखी मागून शिरू? कुणी केलं हे?"

अख्ख्या संघाने एकदम गणपतरावांकडे पाहिलं.

"उद्या भिंत फोडा," बाई म्हणाल्या आणि काठी आपटत कोपऱ्याला वळसा घालून निघाल्या. पाठोपाठ सगळे. सर्वांत मागे गणपतराव. ओल्या मातीची भिंत, तिच्यावर छप्पर. फोडली तर छप्पर येणार, छप्पर आलं तर पावसाळ्याआधी पुन्हा व्हायचं नाही, आणि मग कन्नौद. बाईंच्या त्या दुपारच्या बोलण्यातला शब्द न् शब्द त्यांना टोचत होता. अध्यक्षपदाचा राजीनामा द्यावा, असं त्यांना त्या वळणावर अगदी खरोखर वाटलं.

मागच्या गल्लीत भवानीबाई थांबल्या. दार तिथे होतं, तेल लावून चकचकीत. आणि त्याच्या बरोबर समोरच्या दारात राजाबाई उभ्या होत्या. मधे फक्त बैलगाडी जाईल एवढी वाट. इतक्या वर्षांत दोघी एवढ्या जवळून समोरासमोर आल्या नव्हत्या. गणोजीसुद्धा खुर्चीवरून उठले.

कुणी काही बोलायच्या आत पुढच्या गल्लीतून आरोळी आली. "काकी गं! माझी काकी गं!" पाठोपाठ भिंतीवर हात आपटल्याचा आवाज. "अरे, दार उघडा कुणी! अरे, दार कुठाय?"

इंदू धावत गेली आणि एका उंच, धुळीने माखलेल्या माणसाला हाताला धरून घेऊन आली. तो मानाजी होता. मिळेल त्या मोटारीने तो कन्नौदहून आला होता. काकीला उभी बघून तो जागच्या जागी खाली बसला. मग उठून तिच्या पायांशी आला आणि आधी सुजलेला घोटा, मग हात, मग तोंड चाचपत राहिला.

"मला सांगितलं, तू गेलीस," तो म्हणाला. "वाटभर मी रडत आलो गं."

"अरे, मी कुठे जाते?" भवानीबाई म्हणाल्या. पदराने त्यांनी त्याच्या तोंडावरची धूळ पुसली. "असा काय येडा तू!"

"बास झालं आता. आत्ताच्या आत्ता चल माझ्याबरोबर. हे कसलं घर? समोरून दार नाही, कुणी हाक मारली तर ऐकू येणार नाही. उद्या खरंच काही झालं तर? इथे आहे कोण तुझं?"

भवानीबाईंनी घराकडे पाहिलं. 'आहे माझं घर' हे वाक्य त्यांनी एवढे दिवस जपून ठेवलं होतं. पण आता त्या घराला त्यांनीच नावं ठेवली होती, तीही सगळ्यांसमोर. आणि पुतण्याचे डोळे रडून सुजले होते. त्याला नाही कसं म्हणायचं? त्यांचा हात काठीवर खाली सरकला. गणपतरावांना ते दिसलं. 'आम्ही आहोत' असं म्हणायला ते पुढे झाले. पण आपण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, हे त्यांनाही माहीत होतं. ते तसेच थांबले.

"मी आहे," कुणीतरी म्हणालं.

राजाबाई उंबरा उतरून वाटेवर आल्या होत्या.

"समोर मी आहे," त्या मानाजीला म्हणाल्या. "हाक कशाला, ती नुसती खोकली तरी मला ऐकू येईल. तुझी काकी किती मानी आहे, ते तुला माहीत आहे. आमच्यात आधी कोण वाकणार, म्हणून इतकी वर्षं गेली. आणि आता तिनेच सासऱ्यापासूनचं दार फिरवलं. माझ्याकडे फिरवलं. तिने एवढं केल्यावर मी तिला कन्नौदला जाऊ देऊ?"

शालिग्रामने तोंड उघडलं. इंदूने त्याच्या पायावर पाय दिला.

भवानीबाई राजाबाईंकडे बघत होत्या. मग त्यांनी सावकाश मान वळवून गणपतरावांकडे पाहिलं. ती नजर गणपतराव जन्मभर विसरले नाहीत. तिच्यात राग होता, हसू होतं, आणि खबरदार बोललात तर, असा सज्जड दमही होता.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, बरोबर तसंच दार बसवलंत. शाबास."

गणपतराव पापभीरू माणूस. खोटं बोलायचं नाही, हा संघाचा पहिला नियम त्यांनीच करून घेतला होता, आणि पाळकसाहेब हाताच्या अंतरावर उभे होते. त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब अतिशय लक्षपूर्वक कवेलू मोजत होते. तेव्हा गणपतरावांनी आयुष्यात प्रथमच भाषणाची संधी हातची सोडली. टोपी काढून त्यांनी भवानीबाईंना वाकून नमस्कार केला.

"मानाजी," भवानीबाई म्हणाल्या, "आज राहा, दाळबाटी खा. ह्या लोकांना मी कबूल केली आहे. उद्या तू जा. दिवाळीला येईन मी कन्नौदला. आठ दिवस. भांडण झालं तर आधीच येईन."

मानाजीने डोळे पुसले. काकीची ट्रंक त्याने टांग्यातून उतरवून आणली आणि नव्या दारातून आत नेली.

"तूप कमी पडेल," भवानीबाई कुणाकडेच न बघता म्हणाल्या.

"माझ्याकडे आहे," राजाबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि तुपाचं मडकं छातीशी धरून बाहेर आल्या. वाट ओलांडून नव्या दाराशी पोचल्या आणि तिथे थबकल्या. ह्या घरात पाय ठेवायचा तर आधी कुठला ठेवायचा, हेही बहुतेक त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

भवानीबाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि मोकळा झालेला हात पुढे केला.

"ये," त्या म्हणाल्या. "उंबरा फार उंच बसवलाय ह्या लोकांनी. सांभाळून."